अंघोळीच्या पाण्यावरच्या केळी

कुणाकडे गेल्यावर समोर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला आला, की मी अजूनही दचकते. वाटतं, आता मागून देवरे अक्का येणार, कमरेवर हात ठेवणार आणि यजमानांना सगळ्यांदेखत विचारणार, "एवढं सगळं पिणार आहे का ही? नाही ना? मग उरलेल्याचं पुढे काय?" यजमान बिचारे चाचरत राहणार, मला मेल्याहून मेल्यासारखं होणार आणि अक्का तोवर निम्मं पाणी तुळशीला घालून मोकळ्या होणार!

अक्का म्हणजे शालिनी देवरे. धुळ्याला आमच्या कॉलेजात त्या भूगोल शिकवायच्या आणि मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरही होत्या. कागदोपत्री देवरे मॅडम, पण मॅडम म्हटलेलं त्यांना ऐकूच यायचं नाही. अक्का म्हटलं की तीन खोल्या पलीकडून 'ओ' यायची.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी पिंपळनेरहून तिथे राहायला गेले. बरोबर नाना, म्हणजे माझे वडील, त्यांच्या खांद्यावर वळकटी आणि माझ्या हातात ट्रंक. फाटकातून आत शिरलो तर एक बाई लोखंडी पाण्याच्या टाकीला कान लावून उभ्या. सुती पाचवारी साडी, पदर खोचलेला, गळ्यात ड्रिलमास्तरची असते तशी शिट्टी आणि पायात चक्क पांढरे कॅनव्हासचे बूट! उजव्या हातातलं कडं त्या टाकीवर वरून खाली वाजवत होत्या. ठण, ठण, ठण, ठप! "इथे आहे!" असं ओरडून त्यांनी तिथे खडूची रेघ मारली आणि मग आमच्याकडे वळल्या.

"कुठलं गाव?"

"पिंपळनेर," मी म्हटलं.

"ये पिंपळनेर, ये. अंघोळीला किती पाणी लागतं तुला?"

नाना सकाळपासून ऑफिसात मार्क, जात, उत्पन्न असल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देऊन आले होते. हा प्रश्न त्यांना नवा होता. ते जरा अभिमानाने म्हणाले, "बाई, आमच्याकडे नदी आहे."

"मग आणलीत का बरोबर?" अक्का म्हणाल्या, आणि स्वतःच खो खो हसल्या. नानाही हसले. घरी गेल्यावर त्यांनी आईला सांगितलं म्हणे, की बाई थोडी चक्रम आहे, पण पोर तिच्यापाशी ठेवायला हरकत नाही.

त्या दिवसापासून माझं नाव पिंपळनेर पडलं. अक्का सगळ्याच मुलींना गावाच्या नावाने हाका मारायच्या. एका गावच्या दोघी असल्या तर थोरलं साक्री आणि धाकटं साक्री. जेवणाच्या वेळी त्या दारात उभ्या राहून शिट्टी फुंकायच्या आणि "चला शिरपूर, चला चोपडा, नंदुरबार कुठे राहिलं?" असं ओरडायच्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, एसटी स्टँड इकडेच हलवलं की काय!

आणि 'पुढे काय?' हा त्यांचा प्रश्न. तो प्रश्न नव्हता, व्यसन होतं. डाळ धुतली, त्या पाण्याचं पुढे काय? तांदूळ निवडले, कण्यांचं पुढे काय? एखादीची साडी विरली की अक्का ती हातात घेऊन उजेडाकडे धरायच्या, आणि आम्हाला कळायचं की आता पायपुसणं होणार. सांडपाणी जिथे जिथे बाहेर पडायचं त्या प्रत्येक भिंतीवर त्यांनी गेरूने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'पुढे काय?' कुणीतरी चावटपणा करून तेच संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिलं. आम्ही सगळ्या जीव मुठीत धरून बसलो. अक्का आत जाऊन आल्या, हसून हसून त्यांचे डोळे ओले झाले होते, आणि त्यांनी ते पुसू दिलं नाही.

हाच प्रश्न त्या मुलींनाही विचारायच्या. "बी. ए. झालं. पुढे काय?"

"लग्न, अक्का."

"ते तर होईलच गं, त्याला काय तू लागतेस? पुढे काय?"

याचं उत्तर आमच्यापैकी फार थोड्या जणींजवळ होतं. पण अक्का ते असं उत्सुकतेने विचारायच्या, डोळे मोठे करून, जणू आत्ता आपण काहीतरी जबरदस्त सांगणार आहोत! मग आपल्यालाच वाटायचं, काहीतरी ठरवलं पाहिजे बुवा.

माझ्या पहिल्याच वर्षी मार्चमध्ये धुळ्याचं पाणी आटलं. नळ कधी यायचा, कधी यायचा नाही. संस्थेने ठरवलं की वसतिगृह बंद करायचं, मुलींनी घरी जाऊन अभ्यास करावा आणि एप्रिलमध्ये थेट परीक्षेला यावं. आम्हाला काय, सुट्टीच मिळाली! माझ्या खोलीत अमळनेरकडची कमल होती. अभ्यासात आमच्या सगळ्यांच्या पुढे, आणि हसायची तर खाटेवरून खाली पडेपर्यंत. जेवायला ताट-वाटी आम्ही घरूनच न्यायचो, त्याच्या काठावर भांडीवाल्याकडून नाव घालून घेतलेलं असायचं. जाताना कमलने आपलं ताट घासून मेसच्या फळीवर ठेवलं. म्हणाली, "आठ-पंधरा दिवसांत तर येतेच आहे. कशाला वागवू?"

कमल आली नाही. ते दिवस लग्नसराईचे. घरात उपवर मुलगी रिकामी दिसली, की कुणाच्या तरी डोक्यात येतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच तिचं उरकलं. तिच्यासारख्या आणखी काही जणी परीक्षेला आल्याच नाहीत. जूनमध्ये आम्ही परत आलो तर मेसच्या फळीवर त्यांची ताटं तशीच होती, कडेला नावं चमकत होती.

स्वयंपाकाच्या मावशींनी विचारलं, "अक्का, ही ताटं वापरात घेऊ का? आपल्याला कमीच पडतात."

नारळाची करवंटीसुद्धा वाया जाऊ न देणाऱ्या अक्का. मला वाटलं, म्हणतील घे. पण त्यांनी स्टूल ओढलं, ती सगळी ताटं एकेक करून सगळ्यात वरच्या फळीवर चढवली आणि खाली उतरून म्हणाल्या, "त्यांना हात लावायचा नाही. ज्यांची आहेत त्या येतील." अख्ख्या वसतिगृहात विनावापर पडून राहिलेली वस्तू तेवढी एकच. त्या ताटांचं पुढे काय, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

त्याच आठवड्यात अक्कांनी पहार घेतली आणि न्हाणीघराची मोरी फोडली. खरंच फोडली! शिपाई "मॅडम, मॅडम" करत मागे धावतोय, आणि अक्का घाव घालतायत. आतलं सगळं पाणी गटारात जात होतं, ते त्यांना मागच्या पडीक अंगणात न्यायचं होतं. "पोरींनो, पुढल्या मार्चमध्ये हे वसतिगृह एक दिवससुद्धा बंद राहणार नाही," त्या घाम पुसत म्हणाल्या. "एकही ताट मला वर चढवायचं नाहीये. चला, कुदळी घ्या!"

आम्ही काय, भूगोलाचा तास चुकला म्हणून आनंदाने कुदळी घेतल्या. चर खणले, केळीचे कंद लावले. केळी का, तर अक्कांचं गणित पक्कं होतं. उन्हाळ्यात सर्वांत जास्त पाणी जातं ते ताटं धुण्यात. केळीच्या पानावर जेवलं की धुणं नाही, आणि खरकटं पान वॉचमनच्या गाईला. म्हणजे आम्ही अंघोळ करायची, त्या पाण्यावर केळ वाढायची, तिच्या पानावर आम्ही जेवायचं, आणि ताट धुण्याचं वाचलेलं पाणी पुन्हा अंघोळीला! हे सांगताना अक्का फळ्यावर गोल काढायच्या आणि गोल पुरा झाला की टाळी वाजवायच्या. आम्हीही वाजवायचो. आजच्यासारखे शब्द तेव्हा नव्हते, पर्यावरण वगैरे तर परीक्षेपुरतं. पण त्या गोलाची गंमत आम्हाला अगदी आतून कळली होती.

पहिल्या केळी मेल्या. कपडे धुण्याच्या सोड्याचं पाणी अक्कांनी उत्साहाच्या भरात त्याच चरात सोडलं होतं. पानं पिवळी पडली, कडा करपल्या. अक्का तिथेच बांधावर बसल्या आणि "मी मारल्या गं, माझ्या हाताने मारल्या," म्हणत लहान मुलीसारख्या रडल्या. आम्हाला कळेना काय करावं. तेवढ्यात लता पुढे झाली. लता त्या वर्षीच आलेली, शिरपूरजवळच्या तापीकाठच्या गावची, घरी केळीचीच शेती. ती म्हणाली, "अक्का, सोडा चालत नाही केळीला. आणि तुम्ही कंद लावलेत ते उलटे लावलेत."

अक्कांनी डोळे पुसले. "सगळे उलटे?"

"निम्मे."

"मग निम्मे तरी मी मारले नाहीत, ते मरणारच होते!" आणि त्या उठून उभ्या राहिल्या. "शिरपूर, तू गुरू. सांग, पुढे काय?"

लता पुढच्या रविवारी गावी जाऊन एसटीच्या टपावरून पोतंभर कंद घेऊन आली. कपड्यांचं पाणी वेगळं काढून संडासाकडे नेलं, अंघोळीचं तेवढं केळीला. साबणाऐवजी शिकेकाई आणि बेसन. थंडीत आम्ही अंघोळी बुडवायला लागलो, तर अक्का पहाटे शिट्टी वाजवत दारोदार. "साक्री, तुझी केळ उपाशी आहे! चोपडा, ऊठ!" पाणी वाचवणारी बाई अंघोळीसाठी मागे लागते, हे आम्ही घरी सांगितलं तर कुणाला पटेना. प्रत्येकीने एकेक खुंट आपला ठरवून घेतला होता. माझी केळ लताच्या केळीशेजारी होती आणि लताच्या गुडघ्याएवढीच राहिली होती. लता म्हणायची, तू अंग धुतेस की नुसतं ओलं करतेस?

मार्च आला आणि केळी आमच्या डोक्याच्या वर गेल्या. त्याच आठवड्यात नळ बंद झाला. ऑफिसातून पालकांना कार्डं गेली की रविवारी येऊन मुलींना घेऊन जावं.

अक्कांना हे कळलं ते कार्डं पेटीत पडल्यावर. त्या तडक प्राचार्यांकडे गेल्या आणि संध्याकाळी प्राचार्य आणि संस्थेचे चेअरमन दोघेही टाकीपाशी उभे होते. चेअरमन कापसाचे व्यापारी, पांढरं स्वच्छ धोतर, हळू बोलणारा सज्जन माणूस. ते म्हणाले, "मॅडम, टाकी कोरडी पडली तर इतक्या मुलींची जबाबदारी कोण घेणार?"

"आणि शेठजी, घरी पाठवल्यावर ज्या परत येत नाहीत त्यांची जबाबदारी कोण घेतं?" अक्का म्हणाल्या. "मागच्या वर्षीची ताटं दाखवू का?"

अक्कांनी कडं वाजवत वाजवत टाकीवर पाण्याची पातळी शोधली, तिच्या बरंच खाली गेरूने जाड पट्टा ओढला. "रविवारी संध्याकाळी पाणी या पट्ट्याच्या वर असलं तर वसतिगृह परीक्षेपर्यंत चालू. खाली गेलं तर मी स्वतः कुलूप लावते. नवं पाणी एक थेंब मागणार नाही."

"बाहेरून कसं कळतं?" शेठजींनी विचारलं. अक्कांनी पुन्हा ठण-ठप करून दाखवलं. शेठजींचा विश्वास बसेना. त्यांनी चपला काढल्या, धोतर सावरलं आणि शिडीवरून चढून आत डोकावले. खाली आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नवल होतं. "ठीक आहे. रविवारी," ते म्हणाले.

ते गेले आणि अक्का अचानक कपाळाला हात लावून ओरडल्या, "अगं बाई! रविवारी तर सगळे बाप येणार!"

तेव्हा आम्हाला उमगलं. मार्चच्या उन्हात, एसटीच्या धुळीत माखून गावोगावचे बाप येणार. आमच्या खान्देशात आलेला माणूस आधी पाय धुतो, चांगले दोन-तीन तांबे ओतून, मग खळखळून चूळ भरतो, मग पाणी पितो, आणि जेवल्याशिवाय त्याला जाऊ द्यायचं नसतं. लेकीनेच बापापुढे तांब्या धरायचा. म्हणजे ज्या पाण्यावर आमचं राहणं ठरणार, ते आमच्याच बापांच्या पायांवरून वाहून जाणार! आणि बापाला पाणी नाही म्हणायचं कोणत्या तोंडाने?

आम्ही सगळ्या रडकुंडीला आलो होतो. अक्का मात्र अंगणात येरझाऱ्या घालत होत्या. मग थांबल्या, केळींकडे पाहिलं, आणि अशी टाळी वाजवली की गाय दचकली.

रविवारी सकाळी फाटकातून येणाऱ्या प्रत्येक बापाला मुली थेट मागच्या अंगणात घेऊन जात होत्या. "नाना, पाय इकडे धुवा." "आबा, चरात उभे राहा, हं, असे." पांढऱ्या टोप्या, गुडघ्यापर्यंत वर केलेली धोतरं आणि विजारी, असे सगळे आमचे थोर थोर वडील केळीच्या बागेत रांगेने उभे राहून पाय धुतायत! माझे नाना हसत होते. काही रागावले होते. पण तांब्यातला थेंब न् थेंब केळीला जात होता आणि अक्का बांधावरून चालत, एखादं मोठं लग्नकार्य पार पाडावं तशा, सगळ्यांचं स्वागत करत होत्या.

मग व्हरांड्यात पाणी आलं. प्रत्येकाला पेला अर्धा. हवं असेल तर पुन्हा अर्धा, पण एका वेळी अर्धाच.

लताचे आबा तिथे बसले होते. उंच, काळेसावळे, मोठ्या मिशा. लताने मला आधीच सांगितलं होतं की शहाद्याचे पाहुणे तिला पाहायला येणार आहेत आणि एकदा ट्रंक घरी गेली की ती परत यायची नाही. आबांनी पेल्यात पाहिलं आणि तो खाली ठेवला.

"हाई काय बाई? अर्धा गिलास? आम्हना गावमा दुश्मनले बी भरीसन पानी देतस!"

अक्का त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसल्या. नेहमी शुद्ध पुस्तकी बोलणाऱ्या अक्का अहिराणीत म्हणाल्या, "आबा, बाकीना अर्धा तुम्हनी पोरना शे. तो बी पिवाना व्हई तर पी ल्या. मंग लई जा तिले."

उरलेला अर्धा तुमच्या पोरीचा, तोही प्यायचा तर प्या आणि मग न्या तिला! आबांनी मिशीवरून हात फिरवला. पेला उचलला, अर्धा पेला पाणी सावकाश प्याले आणि उठले. "लता, ट्रंक काढ," एवढंच म्हणाले.

लताने ट्रंक आणली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही तिला हात मोकळा नव्हता. अक्का अडवायला उठल्या नाहीत. ते दोघं अंगणातून निघाले आणि आबा केळींपाशी थांबले. सकाळी पाय धुताना रागात त्यांनी वर पाहिलंच नसावं. आता पाहिलं. मग ट्रंक लताच्या हातातून घेऊन खाली ठेवली. एका खोडाला हात लावला, पान उलटं करून पाहिलं, शेंड्याकडे मान वर केली.

"हाऊ कंद तं मन्हा वावरना शे," ते म्हणाले. "कोनी लाया?"

"मी लाया, आबा."

"पानी कोनं?"

"आम्हनं. अंघोयनं." लता मान खाली घालून म्हणाली.

आबांनी कोपरीच्या खिशातून चाकू काढला. ते खाली वाकले आणि मुख्य खोडाभोवती फुटलेली पिलं कापायला लागले. एक खुंट झाला, दुसरा झाला. पुटपुटत होते, पिलं ठेवली तर आईचं सगळं खाऊन टाकतात, एवढंही कुणाला कळत नाही. तिसऱ्या खुंटापाशी त्यांनी शेंड्याच्या पोटात हाताने चाचपलं आणि तिथेच उभे राहिले. केळ निसवायला आली होती. घड बाहेर पडायला दिवसांचाच अवकाश होता.

ते वळून अक्कांना म्हणाले, "बाई, पोरी गयात तर हाई केयले पानी कोन दी?"

"कोनी नही, आबा."

"निसवाले उनेल केयनं पानी तोडतस का कोनी? पाप लागस!" आबा असे ओरडले, जणू हा सगळा अक्कांचाच गुन्हा होता. मग लताकडे न बघताच म्हणाले, "ट्रंक मझार ठेव."

मझार, म्हणजे आत! अगं आई गं! काय ओरडलो आम्ही! लता ट्रंक घेऊन अशी पळाली की तिची चप्पल अंगणातच राहिली. अक्का हसत होत्या आणि रडतही होत्या, आणि आबा आता व्हरांड्यातल्या बाकीच्या बापांना हात करून बोलावत होते. केळी करणारे दोघे-तिघे त्यांच्यात होतेच. तेही चाकू काढून वाकले. कापूस करणारे बांधावर बसून सल्ले देऊ लागले. माझ्या नानांना केळीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माझा बुटका खुंट पाहून ते गंभीरपणे म्हणाले, "पोरगी अंघोळ नीट करत नाही."

दुपारी सगळ्यांची पंगत बसली. गोवऱ्यांवर भाजलेल्या बट्ट्या, वरण, तुपाची धार, कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, आणि खाली आमच्या केळीची पानं. बापांचं पोट भरलं, पानं गाईकडे गेली, धुवायला एकही ताट नव्हतं. हात धुवायलाही सगळे न सांगता आपण होऊन चरात जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी शेठजी आले. अक्कांनी कडं वाजवून दाखवलं नाही. "तुम्हीच पाहा," म्हणाल्या, आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभ्या राहिल्या. शेठजी काठी घेऊन शिडी चढले, ती आत बुडवून बाहेरच्या पट्ट्याशी ताडून पाहिली आणि वाकूनच राहिले. मग तिथूनच, वरून, त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात नव्हे तर चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "मॅडम, पट्टा पाण्याखाली आहे!"

त्या वर्षी एकही ताट वरच्या फळीवर चढलं नाही. शहाद्याच्या पाहुण्यांना आबांनी कळवलं की केळ निसवते आहे, पोर आत्ता मोकळी नाही. पाहुण्यांना काय बोध झाला देव जाणे. परीक्षा झाल्या आणि पुढे घड तयार होऊन कापले तेव्हा काही मुली अंघोळीच्या पाण्यावरची केळी म्हणून नाकं मुरडत होत्या. आबा मुद्दाम आले होते. त्यांनी पहिलं केळ सोललं, खाल्लं आणि म्हणाले, गोड आहे. पुढे लता शिकत गेली. ती शिरपूरच्या शाळेत शिक्षिका आहे, आणि अजून मला विचारते, तू अंग धुतेस की नुसतं ओलं करतेस?

मीही शिक्षिकाच झाले, साक्रीला. नव्वद उलटून गेल्यावर एका मार्चमध्ये काही कामासाठी धुळ्याला गेले होते, तेव्हा वसतिगृहात डोकावले. मागचं अंगण ओळखू येत नव्हतं, सगळी केळीच. अक्कांचे केस पांढरे झाले होते, बूट तेच, शिट्टी तीच. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. मला म्हणाल्या, "ये पिंपळनेर. पुढे काय?" आणि अर्धा पेला पाणी दिलं. मी ते एका घोटात संपवून पेला उपडा करून दाखवला, तशा खूश झाल्या.

आम्ही व्हरांड्यात बोलत बसलो होतो. फाटक वाजलं. एक बाई लहान मुलीचं बोट धरून आत आली, दुसऱ्या हातात पिशवी. फाटकापाशीच थांबून म्हणाली, "बाहेरून परीक्षेला बसले आहे. पेपर संपेपर्यंत राहायची सोय होईल का?"

मी ओळखलं नाही. एवढं हसणाऱ्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं, म्हणून असेल. अक्का खुर्चीतून उठल्या, पायऱ्यांपर्यंत गेल्या आणि डोळे बारीक करून पाहत राहिल्या.

"अमळनेर?" त्यांनी विचारलं.

कमलने नुसती मान हलवली.

"उशीर केलास गं," अक्का म्हणाल्या. "जेवलीस का?"

उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या. स्टूल ओढल्याचा आवाज आला. मी धावले, म्हटलं या वयात कशाला चढता, मी काढते. त्यांनी ऐकलं नाही. वरच्या फळीवर ताटं अजून होती, सगळी. त्यांनी त्यातलं एक बरोब्बर काढलं, पदराने पुसलं, काठावरचं नाव बोटाने चाचपलं आणि खाली उतरल्या. व्हरांड्यात येऊन ताट कमलच्या पुढे ठेवलं. कमल त्या नावाकडे बघत खाली बसली आणि तिची लेक तिला चिकटून.

अक्कांनी माठातून पाणी घेतलं आणि तिच्या पेल्यात ओतायला लागल्या. पेला अर्धा झाला. त्या कमलच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, ओततच राहिल्या. पेला भरला, काठावरून पाणी खाली आलं, फरशीवर पसरलं, त्यांच्या पांढऱ्या बुटांत गेलं, पायरीवरून खाली टपकायला लागलं. मी वाट बघत होते त्या प्रश्नाची. तो काही आला नाही.

"आजी, पाणी सांडतंय," कमलची लेक म्हणाली.

"सांडू दे," अक्का म्हणाल्या.